प्रोफाइल बनवलं म्हणजे राजीनामा दिला का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी तिशीतली. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात एमएफएससीपर्यंत (मत्स्यशास्त्रातली मास्टर्स डिग्री) शिकलेली, आता रत्नागिरीजवळ मासळी एक्सपोर्ट करणाऱ्या एका कारखान्यात ६ वर्षं क्वालिटीला आहे. लिंक्डइनवर नीट प्रोफाइल करावं, कामातलं जे कळतं ते मराठीत लिहावं असं तिच्या मनात आहे, पण धीर होत नाही. कारण मागच्या वर्षी तिच्याच डिपार्टमेंटमधल्या एका मुलाने फोटोभोवती 'ओपन टू वर्क' म्हणजे 'नोकरी शोधतोय' अशी हिरवी पट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, कधी निघालास?" त्यानंतर त्याला ऑडिटच्या कामात घेतलंच नाही. वर मॅनेजर आणि तिचे सासरे एकाच वाडीतले. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो रोज पोस्ट टाक नाहीतर उपयोग शून्य. नवरा म्हणतो सोडशील तेव्हा बघू. तिचे प्रश्न: नोकरीत असताना हे करणं बेईमानी आहे का? नाव न देता पेज काढू का? कामगार बायकांसाठी मराठीत केलेलं ट्रेनिंगचं पीपीटी टाकलं तर चालेल का? आणि नाव माहेरचं लावू की सासरचं? पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे, "मला नोकरी सोडायची नाहीये, निदान आत्ता तरी."

अगं, त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. 'निदान आत्ता तरी' हे लिहिल्यावर तुला अपराधी वाटलं असणार, कारण त्याच्या पुढच्याच ओळीत तू सॉरी म्हणून टाकलंयस. कशाबद्दल सॉरी? नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते 'आत्ता तरी' असतं, तुमच्या मॅनेजरच्या पण असेल, आणि कारखान्याच्या बाजूने पण असतंच की, सीझन वाईट गेला की कुणाला आधी घरी बसवायचं हे कुठेतरी ठरलेलं असतं. तेव्हा ते वाक्य गुन्हा म्हणून वाचू नको.

बेईमानीचं म्हणशील तर मालकाला तू काय देणं लागतेस ते एकदा नीट बघ. ड्युटीचा वेळ देणं लागतेस, त्यांच्या धंद्यातल्या गोष्टी बाहेर न सांगणं लागतेस, आणि नोकरी चालू असताना त्यांच्या स्पर्धकाचं काम न करणं लागतेस. तू या कामात हुशार आहेस ही गोष्ट गुपित ठेवणं हे काही देणं लागत नाहीस. कायदा पण साधारण असंच बघतो. नोकरीत असताना दुसरीकडे काम करायचं नाही ही अट सुप्रीम कोर्टाने १९६७ सालीच योग्य धरलीय, पण सोडल्यावर अमुक इतकी वर्षं याच धंद्यात पाऊल टाकायचं नाही अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गुपितं मात्र सोडल्यानंतर पण गुपितंच राहतात. प्रोफाइल या कशातच बसत नाही. मूनलायटिंगच्या (नोकरीत असताना गुपचूप दुसरीकडे काम करण्याच्या) बातम्या वाचून लोक घाबरतात, २०२२ मधे विप्रोने ३०० जणांना काढलं होतं वगैरे, पण तिथे आरोप होता की ते नोकरीत असताना स्पर्धक कंपन्यांसाठी काम करत होते. स्वतःच्या नावाने मासळीबद्दल चार ओळी लिहिणं आणि ते, यांचा काही संबंध नाही.

तरीपण अपॉइंटमेंट लेटर काढून वाच. कपाटातल्या फाइलमधे डिग्रीच्या खाली असेल. गोपनीयता, दुसरी नोकरी, कामात तयार केलेल्या गोष्टींची मालकी, आणि मीडियाशी बोलणं किंवा लेख छापणं याबद्दल काय लिहिलंय तेवढं बघ. लहान कंपन्यांची लेटरं बऱ्याचदा कुठूनतरी उचललेली असतात (मी स्वतः एका कोकणातल्या कारखान्याच्या लेटरमधे सॉफ्टवेअरच्या 'सोर्स कोड'बद्दलचं कलम वाचलंय, तिथे 'सॉस' होता तो फक्त कँटीनच्या वड्याबरोबरचा), पण उचललेलं असलं तरी खाली सही तुझी आहे.

आता त्या मुलाचं. तू धरून चाललीयस की त्याने ऑनलाइन तोंड दाखवलं म्हणून त्याला बाजूला ठेवलं. मी बरीच वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत एचआरला काढलीयत त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. नुसतं प्रोफाइल असणं कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. डोळ्यात भरतं ते एका रात्रीत सगळं होणं. पाच वर्षं रिकामं असलेलं प्रोफाइल, आणि अचानक नवा फोटो, नवी हेडलाइन, शेजारच्या चार कंपन्यांच्या एचआरला रिक्वेस्ट, आणि वर ती हिरवी पट्टी. गणपतीच्या आधी दरवर्षी घराला रंग काढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पण एखाद्याने अचानक माघात रंग काढला की अख्खी वाडी विचारते, काय हो, लग्न ठरलं का. त्या मुलाचं तसं झालं. मॅनेजर चुकलाच, माणसाला सगळ्यांसमोर असं विचारू नये आणि त्यावरून काम तर अजिबात काढू नये, पण त्याला शंका का आली ते समजण्यासारखं आहे. त्यामुळे तुझ्यासाठी धडा 'लपून राहा' हा नाहीये, 'हळूहळू कर आणि आत्ताच सुरू कर' हा आहे, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट. सोडायच्या वेळी सुरू करणाऱ्याकडेच सगळे बघतात.

त्या हिरव्या पट्टीबद्दल एक सांगून ठेवते, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. 'ओपन टू वर्क' दोन प्रकारे लावता येतं. एक सगळ्यांना दिसणारं, त्यात फोटोला पट्टी येते. दुसरं फक्त रिक्रूटरना दिसणारं, त्यात पट्टी येत नाही, आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये असा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण पूर्ण खात्री देत नाही असं ते स्वतःच सांगतात. आणि आपल्याकडे भरती करतो कोण, तर कोल्हापूरचा नाहीतर मुंबईचा एखादा प्लेसमेंटवाला, तो पाच कारखान्यांसाठी माणसं बघतो, त्यात तुमचा पण एक असू शकतो. तुला सोडायचं नाहीये ना? मग हे दोन्ही लावूच नको.

बाकी सेटिंगचं काम एका संध्याकाळचं आहे. आधी सेटिंगमधे व्हिजिबिलिटीत जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवायचं बंद कर, नाहीतर तू नुसतं पद दुरुस्त करशील आणि लोक अभिनंदन करत सुटतील. आपले कनेक्शन कोण आहेत ते इतरांना न दिसण्याची सोय पण तिथेच आहे, ती लाव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अकाउंटला ईमेल आणि मोबाइल तुझा स्वतःचा पाहिजे. ऑफिसच्या ईमेलवर अकाउंट उघडलेली माणसं मी बघितलीयत, नोकरी गेली त्या दिवशी ईमेल बंद, पासवर्ड आठवत नाही, आणि एवढ्या वर्षांच्या ओळखी गेल्या. कंपनीचं सिम असेल तर तेच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून हे काहीच करू नको, जेवणाच्या सुट्टीत पण नको.

मग प्रोफाइलमधे लिहायचं काय. 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' एवढंच लिहून काही कळत नाही, सिमेंटच्या फॅक्टरीत पण क्वालिटी एक्झिक्युटिव्ह असतो. तू करतेस काय? मासळीचा हॅसॅप प्लॅन (HACCP, खाण्याच्या मालात धोका कुठे होऊ शकतो ते शोधून रोखायची पद्धत) सांभाळतेस, हिस्टामीनच्या (मासळी गार न ठेवल्यास तयार होणारं, बाधणारं द्रव्य) टेस्ट करतेस, सुरिमीच्या (माशाच्या मांसाचा लगदा) लाइनचं बघतेस, ऑडिटला समोर बसतेस, नवीन बायकांना ट्रेनिंग देतेस. हे साध्या शब्दांत लिही. युरोपला माल पाठवायला मंजूर असलेल्या युनिटमधे काम केलंय हे लिहायला पण हरकत नाही, कारण त्या मंजूर कारखान्यांची यादी युरोपियन युनियन स्वतःच जाहीर करतं. पण ऑडिटमधे काय निघालं, कुठला कंटेनर परत आला, माल कुठल्या बायरला जातो, काय भावाने जातो, कुठल्या बोटीची मासळी घेता, हे तुझं नाही. आकडे टाकायचा मोह होईल, 'रिजेक्शन इतक्या टक्क्यांनी कमी केलं' असं मावसभाऊ लिहायला सांगेलच. नको टाकूस. तो आकडा कंपनीचा आहे, आणि त्यावरून पूर्वी किती होतं ते पण कळतं.

फोटोचं वेगळं सांगते कारण घोळ तिथेच होतो. पांढरा कोट, डोक्याला जाळी, हसरा चेहरा, छान फोटो, आणि मागे पांढऱ्या बोर्डावर मार्करने लॉट नंबर, तारीख, बायरचं नाव. किंवा शेजारी कार्टनची थप्पी आणि प्रत्येक कार्टनवर गिऱ्हाइकाचा ब्रँड. काढणाऱ्याला फक्त चेहरा दिसतो, मॅनेजरला फक्त बोर्ड दिसेल. कारखान्यातला फोटोच नको, घराच्या पडवीत चांगल्या उजेडात काढ.

तुझ्या मावसभावाच्या 'रोज पोस्ट'वर माझा विश्वास नाही. त्याचं काम वेगळं असेल, त्याला हजारो लोक पाहिजे असतील. तुला किती पाहिजेत? उद्या एखाद्या दुसऱ्या प्रोसेसिंग युनिटचा क्वालिटी हेड, एखादी ऑडिट करणारी संस्था, कॉलेजातले एखादे सर, यांनी तुझं नाव टाइप केलं तर त्यांना काहीतरी बरं सापडावं, एवढंच. अशी माणसं अख्ख्या किनाऱ्यावर मिळून फार नाहीत. त्यांच्यासाठी महिन्यातनं एक नीट लिहिलेली गोष्ट पुष्कळ झाली.

आणि नीट लिहिलेली म्हणजे कशी, तर तुझ्या पत्रातच एक आहे आणि तुझ्या लक्षात आलेलं नाही. तू सहज लिहिलंयस की शेजारची काकी म्हणते बंगडा बाधला, आणि तुला कळतं की ते नक्की काय असतं पण सांगायला लाज वाटते. हेच लिही! बंगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य जास्त असतं, मासा उबेला राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामीन करतात, आणि एकदा झालं की कितीही तळा, आमटीत उकळा, फ्रीझरला टाका, ते जात नाही. वास कधीकधी येत पण नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो मला बंगड्याची अॅलर्जी आहे आणि जन्मभर बंगडा सोडतो. मिरकरवाड्याला मासळी उतरते तेव्हा बर्फ नुसता वरून टाकलेला असतो आणि खालच्या थरातला मासा गरमच असतो, तापमान बघायचं तर थर्मामीटर कण्याजवळच्या जाड मांसात खुपसावा लागतो, हे तू रोज करतेस आणि तुला त्यात काही विशेष वाटत नाही. वाचणाऱ्याला वाटेल. यात तुमच्या कारखान्याचं एक अक्षर नाही, सगळं पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे, फक्त सांगणारी तू आहेस. गावातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर हे फिरेल, आणि एखादा क्वालिटी हेड वाचेल तर दोन मिनिटांत ओळखेल की हिला काम येतं.

लिहायला वेळ कधी मिळणार हे मला माहितीये, सीझनला तुला घरी यायला आठ वाजतात असं तू लिहिलंयस. जून-जुलैला मासेमारी बंद असते तेव्हा ताजा माल कमी होतो ना, तेव्हा चार-पाच लिहून ठेव. ऑगस्टनंतर एकेक सोडत जा.

नाव न देता पेज काढायचं मात्र डोक्यातून काढून टाक. रत्नागिरीत मत्स्य शिकलेल्या, क्वालिटीत असलेल्या, मराठीत लिहिणाऱ्या बायका किती असतील? तिसऱ्या पोस्टला कुणीतरी ओळखेल, आणि मग जे उघडपणे अगदी साधं दिसलं असतं ते लपवलेलं म्हणून वाईट दिसेल. शिवाय चांगलं लिहिलंस तर श्रेय कुणाला? निनावी लिहायचं त्यांनी ज्यांना तक्रार लिहायचीय, आणि तक्रार लिहायची असेल तर तो वेगळा विषय, त्याला आधी वकील लागतो.

पीपीटीचं उत्तर तुला आवडणार नाही. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना हात कसे धुवायचे, जखम असेल तर काय करायचं, बांगड्या का काढायच्या, हे तू मराठीत इतकं छान केलंयस, चित्रं पण स्वतः काढलीयस, तरी ते कंपनीचं आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ मधे तसं आहे. मग दोन मार्ग. एक, घरी बसून सगळं नव्याने लिही, नवीन चित्रं काढ, एसओपी (कारखान्याच्या लेखी कामपद्धतीचा) नंबर नाही, लोगो नाही, जुनं समोर ठेवून कॉपी करायचं नाही. हात धुवायची पद्धत कुणाच्या मालकीची नसते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, मॅनेजरलाच विचार की हे कंपनीच्या नावानिशी बाहेर टाकूया का, खाली तयार करणारी म्हणून माझं नाव. मालकांना अशा गोष्टी आवडतात गं, बायर आला की दाखवायला होतं.

त्यावरून पुढचं, मॅनेजरला सांगायचं का. प्रोफाइल करायला परवानगी मागू नको, विचारलंस की नाही म्हणायची सोय तूच करून दिलीस. पण लिहायला लागायच्या आधी कानावर घाल. ऑडिट पार पडलं की सगळे जरा सैल असतात तेव्हा चहाला, "सर, मासळी कशी टिकवायची यावर मी मराठीत थोडं लिहिणार आहे, घरी बसून, कंपनीचं नाव-फोटो काही नसेल, पहिलं तुम्हाला वाचायला देते." बास. पहिलंच देते म्हण, दर वेळी देते म्हणू नको, नाहीतर तो प्रत्येक वेळी शुद्धलेखन तपासत बसेल. आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरी सासऱ्यांना पण सांग. वाडीत बातमी पोचायला नेटवर्क लागत नाही, आणि सुनेबद्दलची गोष्ट बाहेरून कळली की मूळ गोष्ट राहते बाजूला आणि 'आम्हाला सांगितलं नाही' हाच विषय होतो.

मॅनेजर नाही म्हणाला तर? म्हणू शकतो, त्या मुलाला दिलेली वागणूक बघता मी खात्री देणार नाही की काहीच होणार नाही. आपल्याकडे पुण्यासारख्या शंभर कंपन्या नाहीत, ही भीती खोटी नाहीये. तसं झालं तर लिहिणं थोडं थांबव, प्रोफाइल राहू दे, आणि ओळख दुसऱ्या बाजूने वाढव. एमपीईडीए (मासळी निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) हिच्या नेटफिश संस्थेचे बंदरांवर मच्छीमारांसाठी ट्रेनिंग प्रोग्रॅम होतात, तिथे मदतीला येऊ का विचार. शिरगावला आपल्याच कॉलेजात मुलांसमोर एक तास बोलायला जा. दुसऱ्यांनी टाकलेल्या फोटोखाली तुझं नाव आलं की ती पण तुझी ऑनलाइन ओळखच, आणि ती तू स्वतः टाकलेली नाही. आणि तुझा थिसिस, तो कृषिकोशवर आहे का शोधलंस का कधी? कृषी विद्यापीठांचे बरेच थिसिस तिथे असतात. सापडला तर त्याची लिंक प्रोफाइलला लाव, त्यावर कुठल्या मॅनेजरला काही बोलता येणार नाही.

ज्यांचं काम वेगळं आहे पण प्रश्न हाच आहे अशांसाठी जाता जाता. सरकारी नोकरीत असाल, झेडपीत, आरोग्य खात्यात, तर वरचं जसंच्या तसं लागू करू नका, तुम्हाला वर्तणूक नियम आहेत आणि २०२५ मधे राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावर वेगळा जीआर काढलाय, आधी तो वाचा. लोट्याच्या, महाडच्या केमिकल प्लँटवाल्यांनी प्लँटमधला फोटो कधीच नको, पाइपलाइनवर लावलेल्या पट्टीवरून पण जाणकाराला बरंच कळतं. तारकर्ली-मालवणला रिसॉर्टमधे काम करणाऱ्यांनी पाहुण्यांचे चेहरे विचारल्याशिवाय टाकू नका, मग ते कितीही मोठे असोत, आणि मोठे असतील तर अजिबातच नको. कुडाळात घरी बसून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम करणाऱ्यांनो, तुमच्या लेटरमधे ते सोर्स कोडचं कलम मात्र खरोखर तुमच्यासाठी आहे.

राहिलं नाव. हा प्रश्न तू शेवटी घाईत विचारलायस पण तो लहान नाही. तुझी डिग्री, थिसिस, कॉलेजातल्या सगळ्या ओळखी माहेरच्या नावावर, आणि कंपनीचं कार्ड, हॅसॅपच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पगाराची स्लिप सासरच्या. उद्या कुणी तुला शोधलं तर अर्धी तू एका नावाखाली आणि अर्धी दुसऱ्या. तेव्हा स्वतःचं नाव, मग माहेरचं आडनाव, मग सासरचं, असं तिन्ही लाव, आणि सगळीकडे अगदी तेच स्पेलिंग ठेव, एका ठिकाणी डबल ए आणि दुसऱ्या ठिकाणी सिंगल असं करू नको. लिंक्डइनला जुनं नाव भरायची वेगळी जागा पण आहे, पण ती पुरेशी नाही कारण गुगलवर शोधणारा तिथपर्यंत पोचत नाही. ऑर्किड (ORCID) म्हणून संशोधन करणाऱ्यांसाठी एक फुकटचा नंबर मिळतो, तो काढून ठेव, त्यात दोन्ही नावं टाकता येतात आणि थिसिस, पेपर सगळं एका जागी येतं. फोटो काढलास की आधी हेच कर, बंगड्याचं त्यानंतर.